लहान मुलांची बद्धकोष्ठता : आठ दिवसांच्या सिरपने भागत नाही

महोदय,

'आठ दिवस सिरप द्या, केळी खायला घाला, पाणी भरपूर पाजा.' महिनोन्‌महिने शी अडणाऱ्या मुलाच्या पालकांना ओपीडीतून बहुधा एवढंच सांगून परत पाठवलं जातं. सिरप संपलं की दुखणं पुन्हा सुरू.

एकदा कडक शी होऊन चीर पडली, दुखलं, की मूल शी दाबून धरायला लागतं. दाराआड उभं राहून टाचा उचलतं, पाय आवळतं, लालबुंद होतं. घरच्यांना वाटतं, जोर करतंय. ते रोखत असतं. साठलेल्या मळातलं पाणी आतडं शोषत राहतं, खडा मोठा होतो, गुदाशय ताणला जाऊन शी लागल्याची जाणीवच कमी होते. मग खड्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि चड्डी खराब होते. त्याला जुलाब समजून जुलाब थांबवणारं औषध देतात, नाहीतर मुलाला आळशी म्हणून मारतात. दोन्ही अत्यंत चुकीचं.

आधी साठलेला खडा निघाला पाहिजे. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर त्यासाठी दिवसाला दर किलो वजनामागे १ ते १.५ ग्रॅम, ३ ते ६ दिवस देतात. १५ किलोच्या मुलाला १५ ते २२ ग्रॅम. त्यानंतर रोजचा डोस साधारण दर किलोला ०.४ ग्रॅमपासून सुरू करून शी मऊ राहील असा कमी-जास्त करायचा. डोस डॉक्टरांनीच ठरवावा. हे किमान दोन महिने चालतं, आणि सगळा त्रास थांबून महिना झाल्यावरच हळूहळू कमी करायचं. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला वेळ लागतो. 'सवय लागेल' म्हणून मध्येच बंद केलं की खडा पुन्हा साठतो. साबणाची कांडी, विड्याच्या पानाचा देठ आत घालू नये, मुलाची भीती वाढते.

जेवणानंतर ५ ते १० मिनिटं संडासला बसवावं. कमोड असेल तर पाय लोंबकळू न देता खाली पाट ठेवावा. दिवसभर दुधावर राहणाऱ्या मुलाचं दूध कमी करून भाजी, डाळ, फळं वाढवावीत.

जन्मानंतर ४८ तासांत पहिली काळी शी न होणं, महिन्याच्या आतच सुरू झालेली बद्धकोष्ठता, फुगलेलं पोट, हिरवी उलटी, वजन न वाढणं, पाठीच्या कण्यावर केसांचा पुंजका, पायांत अशक्तपणा यांपैकी काही असेल तर सिरपवर दिवस काढू नयेत. यामागे हर्षस्प्रुंग नावाचा आजारही असू शकतो; त्यात आतड्याच्या एका भागात मज्जापेशीच नसतात. त्याचं निदान गुदाशयाचा तुकडा तपासून होतं.

आमची मागणी साधी आहे. केसपेपरवर मुलाचं वजन, आठवड्यातून किती वेळा शी होते आणि चड्डी खराब होते का, याची नोंद व्हावी. डोस किती महिने आणि पुढची तपासणी कधी, हेही लिहून मिळावं. शाळेतल्या संडासाला पाणी आणि आतून कडी हवी, आणि तास चालू असतानाही मुलाला तिथे जाऊ द्यावं.

— बालरुग्ण विभागातील परिचारिका