चावडीवरची पाटी आणि १९१४ चे पहिले महिने

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, चावडीवरच्या संगमरवरी पाटीचा फोटो मोठा करून नीट वाचला. महायुद्धावर किती गेले, त्यातले किती कामी आले आणि १९१४-१९१९. बस्, इतकंच. नावं नाहीत. इंग्रज सरकारने देशभरातल्या गावांत अशा पाट्या बसवल्या आणि बहुतेक सगळीकडे मजकूर हाच आहे. तुम्ही लिहिलंय की गावात सगळे म्हणतात, "आपली माणसं १९१४ ला फ्रान्सला गेली." आधी त्याबद्दल लिहिते, कारण या माणसांच्या नावांचा शोध तिथेच फसतो.

पाटीवरचं १९१४ हे युद्ध सुरू झाल्याचं साल आहे, गावातली माणसं निघाल्याचं नव्हे. ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरलं आणि त्या वर्षी बोटीत चढले ते आधीपासून नोकरीत असलेले किंवा राखीव दलातून परत बोलावलेले शिपाई. गावोगाव फिरून केलेली मोठी भरती मुख्यतः १९१७-१८ मधली. महार समाजाला तर लढाऊ शिपाई म्हणून तोवर दारच बंद होतं, १११ महार ही पलटण १९१७ साली उभी राहिली. तेव्हा पाटीवरच्या आकड्यातले १९१४ चे लोक थोडेच असणार.

आता फ्रान्स. हिंदी, म्हणजे भारतीय सैन्यातल्या लाहोर डिव्हिजनच्या बोटी ऑगस्टच्या अखेरीस मुंबई-कराचीहून सुटायला लागल्या आणि २६ सप्टेंबरला फ्रान्सच्या मार्सेय बंदराला लागल्या. तिथे पहिलं काम झालं ते रायफली बदलण्याचं. हिंदी पलटणींच्या रायफली मार्क ६ काडतुसाच्या होत्या, म्हणजे जड, बोथट टोकाची गोळी. फ्रान्समध्ये पुरवठा होता मार्क ७ चा. ती गोळी हलकी, टोकदार, जास्त वेगाची आणि सपाट जाणारी. जुन्या रायफलीची नेमाची पट्टी जुन्या गोळीच्या हिशेबाने आखलेली, त्यामुळे नवी गोळी घातली की लांबच्या पल्ल्यावर नेम चुकणार. म्हणून नव्या रायफली दिल्या, पण त्यांवर हात बसायला जेमतेम वेळ मिळाला. अंगावर कपडे सुती खाकी, गरम कपडे मागाहून आले. पलटणीमागे दोनच मशीनगन. इंग्रज अधिकारी बारा-तेरा. ते पडले की त्यांच्या जागी शिपायांची भाषा येणारा दुसरा माणूस लगेच मिळायचा नाही. पहिल्या महिन्यांतल्या हानीचं हे मोठं कारण आहे आणि पराक्रमाच्या वर्णनांत ते दबून जातं.

या डिव्हिजनबरोबर आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे पूल-खंदकांचं काम करणाऱ्या पलटणीच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या. २८ ऑक्टोबरला नव्ह शापेल गावावरच्या हल्ल्यात त्यांना ४७ शीख पलटणीच्या जोडीने पायदळासारखं पुढे काढलं. घराघरांतून संगिनींनी लढाई झाली. दोन्ही कंपन्यांचे सगळे इंग्रज अधिकारी मेले किंवा जखमी झाले. पूल बांधणारी, खंदक खणणारी ही माणसं तयार करायला वर्षं लागतात. त्यांना असं खर्च करणं मला आजही अक्षम्य वाटतं. खंदकांचं युद्ध सुरू होत होतं आणि त्या कामाचे जाणकार पहिल्याच आठवड्यांत गेले.

पण मराठा पायदळाची एकही पलटण फ्रान्सला गेलेली नाही. आपल्या भागातला शिपाई १९१४ मध्ये परदेशी गेला असेल तर बहुधा इराणच्या आखाताकडे, म्हणजे आजच्या इराकमध्ये. सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनचं पहिलं ब्रिगेड १६ ऑक्टोबरला मुंबईहून निघालं. बहारीनजवळ बोटींतच थांबलं, कारण तुर्कस्तान अजून युद्धात नव्हतं. ५ नोव्हेंबरला ब्रिटनने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारलं आणि ६ ला हे लोक आखाताच्या टोकाला फाओ इथे उतरले. १७ ला साहिलची लढाई झाली. पावसाने जमिनीचा नुसता चिखल झाला होता, पाय उचलणं मुश्कील. २२ पर्यंत बसरा आणि ९ डिसेंबरला कुर्ना हातात आलं. बसऱ्याच्या लढायांत ११० आणि ११७ या दोन्ही मराठा पलटणी होत्या. १०३, म्हणजे आपली जंगी पलटण, वर्ष संपेपर्यंत तिथे पोचली. १०५, ११४ आणि ११६ नंतर गेल्या.

(लोकमान्य मंडालेहून जूनमध्येच सुटून आले होते. २७ ऑगस्टच्या पत्रात त्यांनी या युद्धात सरकारला साथ द्यावी असं जाहीरपणे लिहिलं. बाबा, "तेव्हा कोणी विरोध कसा केला नाही?" या तुमच्या प्रश्नाचं थोडं उत्तर त्यात आहे.)

नावं शोधायची तर युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळापासून सुरुवात करा. नावाने शोधू नका, तिथेच सगळे अडकतात. इंग्रज कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलंय, शिंदेचं सिंदे, जाधवचं जादो, काहीही असू शकतं. अख्खं नाव आडनावाच्या रकान्यात टाकलेलंही सापडतं. आधी 'इंडियन' सैन्य निवडा, मग पलटण, मग मृत्यूची तारीख १ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर १९१४. पलटणीत 'मराठा'चं इंग्रजी स्पेलिंग जुनं, Mahratta असं घाला (एच 'आर'च्या आधी आणि दोन टी), आजचं Maratha घातलंत तर नोंदी हुकू शकतात. आलेल्या यादीत प्रत्येक नोंद उघडून 'अधिक माहिती' वाचा. बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असलं तर तिथेच असतं. गावाचं स्पेलिंगही मोडलेलं असणार, म्हणून मोठ्याने वाचून पाहा.

बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त माणसांची नोंद आहे. पण तिथल्या दगडावर हिंदी शिपायांची नावं नव्हतीच, पलटणीखाली नुसता आकडा कोरलेला. आपल्या चावडीवर आहे तसाच. नावं वेगळ्या वह्यांत ठेवली. एकाच लढाईत मेलेल्या इंग्रज शिपायाचं नाव दगडावर आणि आपल्या शिपायाचा आकडा, हे वाचताना राग येतो.

जे जिवंत परतले ते या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी घराघरांतली पदकं पाहायला हवीत. चांदणीच्या आकाराचं ब्राँझचं पदक असेल तर मधली पट्टी वाचा. 'ऑगस्ट', '१९१४', 'नोव्हेंबर' अशा तीन पट्ट्या असतील तर तो माणूस २२ नोव्हेंबरच्या आत फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये होता, म्हणजे आपल्याकडचा असेल तर बहुधा खडकीचा सॅपर. '१९१४-१५' अशी एकच पट्टी असेल तर आखात, आफ्रिका, इजिप्त, काहीही, आणि १९१५ अखेरपर्यंत कधीही. चांदणी नसून नुसतं गोल पदक असेल तर बहुधा १९१६ पासून पुढे गेलेला. राजाचं डोकं असलेलं गोल पदक चांदीचं असेल तर शिपायाचं, ब्राँझचं असेल तर बहुधा बिनलढाऊ माणसाचं, भिस्ती, खेचरवाला किंवा मजुराचं.

चांदणीवर नंबर, नाव आणि पलटण मागच्या सपाट बाजूला ठोकलेली असते, गोल चांदीच्या पदकाच्या कडेवर. आई, कुणी दाखवायला पदक आणलं तर पितांबरी किंवा चिंच लावून घासू देऊ नकोस, अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ फडक्याने पुसायचं. बाबा, फोटो समोरून काढू नका. खिडकीजवळ पदक आडवं धरून उजेड एका बाजूने पडू द्या, मग पुसट अक्षरंही उठून दिसतात. पलटणीचा नंबर आणि शिपायाचा नंबर एवढे दोन जरी वाचता आले तरी मला कळवा, पुढचं मी इथून पाहते.

तुमची,
नंदा