खंड्यास पत्र: पाहुण्यांनी कपडे बदलले

पुणे,
रंगपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय खंड्या,

गुडघा काय म्हणतो? परवा फोनवर तू बजावलंस, "व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकू नकोस, नुसता जीव जळतो. सरळ पत्र लिही." तेव्हा हे घे. वहिनींच्या हाती पडलं तरी चालेल, शिव्या गाळल्या आहेत.

रविवारी कवडीला पक्षी बघायला गेलो होतो. एकटाच. तू नसलास की पहाटे उठायला मला गजर लागतो, हे आधी कबूल करून टाकतो. हडपसर मागे पडेपर्यंत फटफटलं. सोलापूर रस्ता सोडून डावीकडे वळलो, काच खाली केली आणि मुळा-मुठा जवळ आल्याचं नाकालाच कळलं. बंधाऱ्याखाली फेस तोच, पाणी तेच काळं. फेसावर थर्माकोलचा एक तुकडा तरंगत चालला होता आणि त्यावर एक पांढरा धोबी पक्षी शेपटी हलवत उभा. होडीतून गावाला निघालेल्या इनामदारासारखा.

पण सांगायचं आहे ते पिवळ्या धोब्याचं. आठवतो ना नोव्हेंबरातला? मळकट, पोटाला जेमतेम पिवळी झाक, त्यावरून आपण दोघं अर्धा तास भांडलो होतो. तोच आता बघ. गळ्यापासून शेपटीखालपर्यंत असा पिवळा की हळदीच्या कार्यक्रमातून तडक इकडे आलाय असं वाटावं. दहा-बारा जण म्हशींच्या पायात घोटाळत होते. एक म्हैस पाय उचलायची, की खालून उडालेली माशी धोबी गट्ट करायचा. डोळ्याला दुर्बीण लावायचीही गरज नव्हती.

माझं हेच तर दुखणं आहे, लेका. आपल्याकडे पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर. पक्षी अभ्यासक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ ला आणि सलीम अलींचा १२ ला, त्यामुळे तारखांबद्दल तक्रार नाही. पण तेव्हा कवडीला पाय ठेवायला जागा नसते, तोफेएवढ्या लेन्सा घेऊन मंडळी उभी. आणि थंडीला येणारे हे पाहुणे पक्षी असतात प्रवासाच्या कपड्यात, धुळीने माखल्यासारखे. इथे चार महिने खाऊन-पिऊन, पिसं टाकून नवी घालून, ते नटतात नेमके निघायच्या वेळी. तेव्हा बघायला कोण? मी, दोन धोबिणी आणि एक गळ टाकून बसलेला म्हातारा.

आणि चक्रवाक! बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला सतरा होते. दोनदा मोजले. नरांच्या गळ्यात काळी कंठी आली आहे. इतकी वर्षं बघतोय, पण ती कंठी अशी जवळून कधी पाहिली नव्हती. शाईत बुडवलेला दोरा बांधावा इतकी बारीक, एकाची तर अजून मागच्या बाजूला जुळायचीच होती. मादीला कंठी नाही, तिचा चेहरा जरा जास्त फिकट. तो 'आँग आँग' करून एकदा बोलला, की ती मान खाली घालून भलत्याच दिशेने कुणावर तरी धावून जायची आणि परत येऊन याच्याकडे बघायची. संसार म्हणतात तो हाच. अजून दोन-तीन आठवड्यांत ही मंडळी लडाख, तिबेट, कुणी त्याच्याही पलीकडे. तिथे कड्याच्या कपारीत नाहीतर जमिनीतल्या बिळात अंडी घालणार. सोन्यासारखा रंग आणि राहायला बीळ!

नंतर कॉलेजातली चार पोरं आली. मोबाइलवर आवाज ऐकवून पक्षी ओळखतात, पक्षिनोंदींच्या ई-बर्ड अ‍ॅपवर तिथल्या तिथे यादी भरतात. आधी मी मनातल्या मनात नाक मुरडलं. पण त्यातल्या एका मुलीने विचारलं, "काका, रडी शेलडकला मराठीत काय म्हणतात?" म्हटलं, "चक्रवाक. ब्राह्मणी बदक पण म्हणतात." ती थबकलीच. "म्हणजे संस्कृतच्या धड्यातला? रात्री ताटातूट होते तो?" तिला वाटत होतं की तो पक्षी कवींनी बनवलेला आहे. दहावीला संस्कृतात पैकीच्या पैकी आणि पक्षी वीस किलोमीटरवर! मग ती बराच वेळ दुर्बिणीतून हललीच नाही. शेवटी म्हणाली, "पण हे तर खांद्याला खांदा लावून बसलेत." म्हटलं, दिवस आहे ना अजून.

आता माझी फजिती. पोरांसमोर जरा ऐट करावी म्हणून शेकाट्यांच्या जवळ जायला गाळात उतरलो. शेकाटे आपल्या गुलाबी काड्यांवर टुकटुक चालत होते आणि मी घोट्यापर्यंत रुतलो. पाय निघाला, बूट राहिला. बूट उपसून काठाने लंगडत येतोय तर डोक्यावर टिटवी. किंचाळते, झेप घेते, पुन्हा किंचाळते. टिटवी ओरडली की आजी दाराकडे बघायची. मी मात्र पायाखाली बघितलं आणि जागीच थिजलो. वीतभर अंतरावर खड्यांमध्ये चार अंडी, टोकं आत करून ठेवलेली. घरटं म्हणून काही नाहीच, नुसता खळगा. मातकट रंगावर काळे शिंतोडे, नजर हलली की पुन्हा सापडायची नाहीत. ओला बूट हातात घेऊन उलट पावली मागे आलो. पोरांना जागा दाखवली नाही. फोटोसाठी गर्दी झाली तर ती उन्हात अंडी सोडून उडत बसेल, आणि मार्चच्या उन्हात ती शिजायला कितीसा वेळ लागतो.

सोमवारी संध्याकाळी वेताळ टेकडी. गिरिपुष्पाला बहर आहे, सगळा उतार गुलाबी दिसतोय. ती बाहेरून आणून लावलेली झाडं, त्यांच्यावर तुझा राग आहे हे मला माहीत आहे, पण मध प्यायला आलेला शिंजीर तुझं मत विचारायला थांबत नाही. खाली रस्त्याकडेच्या पांगाऱ्यावर भोरड्यांचा थवा उतरला होता. पळस मैना हे नाव मला जास्त आवडतं. फुलात तोंड खुपसून खुपसून कपाळं परागाने पिवळी झालेली, आणि कलकलाट असा की खालच्या चहावाल्याने वैतागून वर बघितलं. ही पण आता जाणार. पण पाऊस नीट सुरू व्हायचा अवकाश, जुलै-ऑगस्टात पहिली तुकडी परत हजर. हिच्याइतका माहेरपणाला सोकावलेला दुसरा पक्षी नसेल.

आता तुझं ऐक. तू ऐरोलीला खाडीच्या तोंडावर राहतोस आणि कवडीसाठी हळहळतोस, हे काही खरं नाही. ठाण्याची खाडी २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, ती काय तुझ्या घराच्या किमती वाढाव्यात म्हणून? फ्लेमिंगो, आपले रोहित, मे महिन्यापर्यंत असतात. डॉक्टर जिना उतरायला परवानगी देतील त्याच्या पुढच्या शनिवारी मी येतो. होडीत बसून बघायचं म्हणजे गुडघ्याला त्रास नाही. फक्त भरतीची वेळ आधी विचारून ठेव, गेल्या वेळसारखं धक्क्यावर बसून चिखल बघायला लावू नकोस.

येताना माझी जुनी दुर्बीण आणतो, नवीला गाळ लागलाय. बूट अजून गॅलरीत वाळतोय. त्याबद्दल हिच्याशी बोलणी चालू आहेत.

तुझा,
वटवट्या