रक्तदानाची औषधी जाहिरात नको

‘रक्तदान करा, हार्ट अटॅक टाळा’, ‘कोलेस्टेरॉल घटवा’, ‘रक्त शुद्ध करा’. शिबिरांचे फलक हल्ली असेच असतात. रक्त शुद्ध करायला यकृत आणि मूत्रपिंडे समर्थ आहेत; पिशवीभर काढल्याने उरलेले शुद्ध होत नाही. लोह मात्र खरोखर कमी होते, एका वेळी साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम. हेमोक्रोमॅटोसिस, म्हणजे शरीरात लोह साठत जाण्याच्या आजारात रक्त काढणे हाच उपचार. पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आपल्याकडे घरोघरी रड आहे ती लोह कमी असल्याची. शिबिरात बोटाला टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. तो बुडाला नाही, तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली, आणि दाता माघारी. या माघारी जाणाऱ्यांत बायका किती असतात, ते आयोजकांनी जरा टेबलापाशी बसून पाहावे.

‘मोफत तपासणी’चे आमिष तर घातकच. एचआयव्हीची शंका असलेला माणूस त्यासाठी शिबिरात आला, तर नुकता झालेला संसर्ग चाचणीतून निसटू शकतो आणि तेच रक्त थॅलेसेमियाच्या, म्हणजे वारंवार रक्त लागणाऱ्या आजाराच्या, एखाद्या मुलाला चढते. अशा व्यक्तीने सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात जावे. तिथे चाचणी मोफत होते, नावही गुप्त राहते.

दोन रक्तदानांत पुरुषांनी तीन व स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे, एवढे मंडळांनी फलकावर ठळक छापावे. नेत्यांचे फोटो थोडे लहान केले, तर जागा होईल.

– एक नियमित रक्तदाता, सातारा