मेसरश्मिट 262 ला उशीर का झाला

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनीचं जेट लढाऊ विमान मेसरश्मिट 262 हिटलरने त्याचं बॉम्बर करायचा हट्ट धरला म्हणून उशिरा आलं, असं तू लिहिलंस. पुष्कळ जण तेच मानतात, मला मात्र पटत नाही. घोडं अडलं होतं त्याच्या युमो 004 या जेट इंजिनापाशी.

तारखा बघ. 18 जुलै 1942 ला जर्मनीतल्या लाइपहाइमला चाचणी वैमानिक फ्रिट्झ वेंडेलने ते केवळ जेटवर उडवलं. बॉम्बरचा हुकूम मे 1944 चा. आणि इंजिनाचा आराखडा मोठ्या उत्पादनासाठी पक्का झाला जून 1944 मध्ये! मधला बराच काळ धातूंनी खाल्ला.

इंजिनाचा रचनाकार आन्सेल्म फ्रांझने पहिल्या नमुन्यात उष्णता सोसणारं निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनम सढळ हाताने वापरलं होतं. युद्धात ते तेवढं मिळणार कुठून? म्हणून 004बी या पुढच्या आवृत्तीचे ज्वलनकक्ष साध्या पोलादाचे केले, वर अॅल्युमिनियमचा थर दिला. टर्बाइनची पाती पुढे पोकळ केली, आतून थंड हवा खेळावी म्हणून.

त्यातच 1943 मध्ये पाती तुटू लागली. पात्यांपुढे 6 ज्वलनकक्ष, मागे 3 आधार. पूर्ण वेगात त्यांच्यामुळे बसणारे धक्के पात्यांच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होते. ती कंपनसंख्या शोधायला चक्क एका वादकाकडून पात्यांवर व्हायोलिनचा गज फिरवून घेतला. मग पाती जास्त निमुळती आणि 1 मिलिमीटरने आखूड केली, मिनिटाचे फेरे 9000 वरून 8700 वर आणले.

तरीही वैमानिकाला जपावं लागे. हवेच्या तोंडाशी बसवलेली 10 अश्वशक्तीची छोटी टू-स्ट्रोक मोटर इंजिन फिरवी, आधी पेट्रोल पेटे, मग मुख्य इंधन. त्यानंतर थ्रॉटल, म्हणजे इंधन कमीजास्त करणारा दांडा, अगदी हळू. झटक्यात पुढे ढकलला तर हवेच्या मानाने इंधन जास्त होऊन टर्बाइन करपे. झटक्यात मागे घेतला तर ज्योतच विझे. म्हणून उतरतानाचा वेग कमी असताना हे विमान सर्वांत असहाय असे, आणि शत्रूची लढाऊ विमानं नेमकी तिथेच टपलेली असत.

इतकं करून इंजिनाचं आयुष्य साधारण 10 ते 25 तास. जुलै 1944 मध्ये सेवेत आलेल्या ब्रिटिश जेट विमान मीटिअरचं वेलंड इंजिन दुरुस्तीसाठी 180 तासांनी खोलत. मीटिअर खूप हळू होतं हे खरं, पण ब्रिटिशांकडे निकेल होतं.

फ्रांझ पुढे अमेरिकेत गेला. ह्यूई हेलिकॉप्टरचं टी53 इंजिन त्याचंच. त्याबद्दल पुढच्या पत्रात.

तुझा,
अविनाश