आई, आप्पा, या आखाजीला मी येत नाहीये

तीर्थरूप आप्पा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते. परवा दोनदा लावलाही, पण आई तू उचलल्या उचलल्या सांजोऱ्यांना रवा किती आणू, पोरीला आमरसात दूध चालतं का, असं सुरू केलंस आणि माझ्या तोंडून पुढचं काही निघेचना. म्हणून लिहितेय. आप्पा, चष्मा लावून आईला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी येत नाहीये. येणार आहे, पण आखाजी झाल्यावरच्या शनिवारी, आणि मग चांगली आठ दिवस राहणार आहे, महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढून झालंय. लग्नाला चौदा वर्षं झाली, कोरोनाची दोन वर्षं सोडली तर एकही आखाजी मी चुकवलेली नाही हे तुम्हालाही माहितीये. यावर्षी त्याच संध्याकाळी आमचा एक छोटा कार्यक्रम आहे. ऑफिसातले आम्ही चौघं आहोत, हॉल लहान आहे, पन्नासेक खुर्च्या मावतील, आणि त्यात मी गिटार वाजवणार आहे. हॉल दुसऱ्या दिवशी मिळत नव्हता. तारीख ठरली तेव्हा त्या दिवशी आखाजी आहे हे मला माहीत होतं, मी विसरले वगैरे नव्हते, खोटं सांगत नाही. तरी हो म्हणाले. तुम्हाला न विचारता म्हणाले ते चुकलं, पण हो म्हणाले ते मला चुकलं असं वाटत नाहीये, आणि हे दोन्ही मी कितीतरी दिवस मनात घेऊन फिरतेय.

आता गिटारचं. दिवाळीत तुम्ही अंगठी कर म्हणून 20,000 टाकले होते ना आप्पा, ती अंगठी मी केलेली नाही. आई चिडू नकोस, पूर्ण ऐक. त्यातले 14,000 देऊन मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि 7,800 तिच्या सामानाला गेले, वरचे 1,800 मी घातले. नवी घेतली असती तर याच्या दुपटीत पण आली नसती, कारण ही डावऱ्या हाताची आहे. डावऱ्यांच्या गिटारी फार कमी बनतात, दुकानात भिंतीवर वीस लटकवलेल्या असतात त्यातली एकही आपली नसते, मागवावी लागते आणि जुन्या बाजारात तर वर्षातून एखादी दिसली तर दिसली. वसईच्या एका मुलाकडे ही होती, तो परदेशी चालला होता. मी त्याच रविवारी जाऊन घेऊन आले.

तुम्ही म्हणाल उजव्या हाताचीच स्वस्तात घ्यायची आणि तारा उलट्या लावायच्या. लावतात तसं. जिमी हेन्ड्रिक्स नावाचा अमेरिकेचा वादक होता, 1970 मधे वारला, तो उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून, तारा फिरवून वाजवायचा आणि अख्खं जग ऐकायचं. पण तसं केलं की आवाजाच्या चकत्या कोपराखाली येतात, सारखा धक्का लागतो, वरचे सूर गाठायला लाकडात जी खाच असते ती उलट्या बाजूला जाते, आणि तारा जिथून निघतात त्या नटच्या खाचा जाड तारेला बारीक आणि बारीक तारेला जाड पडतात. त्याला जमलं. मला माझ्या हाताला बसेल अशीच हवी होती, आयुष्यात एकदा तरी.

आई, हे वाचून तुला आजीचं आठवेल आणि तू मनाला लावून घेशील, म्हणून आत्ताच सांगते, लावून घेऊ नकोस. आजीनं माझा डावा हात लुगड्याच्या चिंधीनं बांधून जेवायला बसवलं होतं ते मला आठवतं, पण त्याहून जास्त हे आठवतं की रात्री सगळे झोपल्यावर तू ती गाठ सोडायचीस आणि मनगटाला कोमट तेल लावायचीस. दिवा न लावता. माझा हात तुझ्या मांडीवर असायचा आणि तू काही बोलायची नाहीस. मी आजही उजव्या हातानंच जेवते, लिहिते, प्रसाद घेते, त्यात काही बिघडलं नाही. फक्त ताल उजव्या हातात उतरला नाही. कॉलेजात मैत्रिणीची साधी गिटार उजव्या बाजूनं दोन वर्षं धरून बघितली, बोटं पळायची पण छेडणारा हात लाकडासारखा. ही डाव्या हातानं पहिल्यांदा छेडली तेव्हा पाचव्या मिनिटाला मला रडू आलं.

आप्पा, यापुढचं खास तुमच्यासाठी आहे.

गिटार आली तेव्हा तिची दशा बघवत नव्हती. वसईची दमट हवा, ब्रिजचे सगळे स्क्रू गंजलेले, खुंट्या अडकलेल्या, मान वाकलेली. मानेत आतून एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड म्हणतात, ती घट्ट केली की तारांच्या ताणाच्या उलट जोर लागतो आणि मान सरळ होते. एका वेळी पाव फेरा, मग एक दिवस थांबायचं. मला घाई झालेली पण तुमचं ते "लोखंडाला वेळ दे" आठवलं आणि थांबत गेले. चार दिवस लागले. फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, झिजलेले होते ते घासून सारखे केले, मग चकाकी आणायला स्टील वूल फिरवलं आणि तिथे मोठी चूक केली, पिकअप झाकायचे राहिले. पिकअप म्हणजे लोहचुंबकच, सगळा कीस जाऊन त्यांना चिकटला. चिकटपट्टीनं एकेक कण उचलत अख्खी रात्र गेली.

पिकअप तुम्हाला बघितल्या बघितल्या कळेल. सहा छोटे चुंबक आणि त्याभोवती 42 गेजच्या एनॅमल तारेचे हजारो वेढे, केसापेक्षा बारीक. स्टीलची तार वर हलली की गुंडाळीत करंट तयार होतो, बस एवढंच. तीन पिकअप होते. दोघांवर मीटर लावला तर 6 किलोओहमच्या आसपास दाखवलं, मधला मेलेला, सर्किट ओपन. आणि हा मधला उलटा गुंडाळलेला असतो, चुंबकही उलटे, म्हणजे शेजारच्याबरोबर चालू केला की लाइटच्या 50 हर्ट्झची घरघर दोघांची एकमेकात कटते. तो मेला म्हणून सगळी गिटार घरघरत होती. नवा टाक असं सगळ्यांनी सांगितलं. मी उघडून बघितला. तारेचं बाहेरचं टोक पिकअपच्या डोळ्याजवळ, म्हणजे ते जिथे जोडतात त्या छोट्या कडीजवळ, तुटलेलं होतं, आत नाही. भिंग लावलं, एक वेढा सोडवला, ब्लेडनं एनॅमल अगदी हलक्यानं खरवडलं, टोकाला सोल्डरचा थर दिला आणि त्या कडीला लावलं. श्वास रोखून. मीटर लावला, काटा हलला. रात्रीचा एक वाजलेला, मी तुम्हाला फोन लावायला घेतला आणि तेव्हा लक्षात आलं की मी तर तुमच्यापासून हे लपवलंय.

आणखी एक लपवलंय. तुमचा 25 वॅटचा जुना सोल्डरिंग आयर्न माझ्याकडे आहे. पारलेच्या डब्यात होता तो, लाकडी मुठीचा. दोन वर्षांपूर्वी निघताना मी बॅगेत घातला. तुम्ही तो शोधला, आईवर ओरडलात की भंगारात दिला असशील, आणि मी फोनवर ऐकत होते आणि गप्प बसले. आई, माफ कर. तुमचे हात थरथरायला लागल्यापासून तुम्ही तो डबा उघडायचं बंद केलं होतं आप्पा, मला वाटलं तिथे पडून राहण्यापेक्षा माझ्याकडे असू दे, पण विचारायला हवं होतं. त्याचा वास अजून तसाच येतो, आपल्या रेल्वे क्वार्टरच्या व्हरांड्याचा, तुम्ही शेजाऱ्यांचे रेडिओ उघडून बसायचे आणि मी तार धरायचे आणि आई आतून "काय करी ऱ्हायनी वं" म्हणून हाका मारायची. आधी जोड तापव, मग सोल्डर दे, चमकला तर डाग पक्का, काळपट पडला तर पुन्हा कर. प्रत्येक डाग तसाच केलाय. फक्त पोटेन्शिओमीटरच्या, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या चकतीखालच्या भागाच्या, पाठीवर अर्थची तार लावायला 25 वॅट पुरेना, तिथे 60 चा मागून आणला.

त्या पोटेन्शिओमीटरचाही घोळ झाला. मिळतात ते उजव्यांचे, लॉग टेपरचे, ए 250 के लिहिलेले. डाव्या गिटारची चकती उलटी फिरते, म्हणून मी टोकांच्या तारा उलट लावल्या तर आवाज सगळा एकाच टोकाला गोळा, बाकीचा फेरा नुसता रिकामा. खास उलटे मिळतात पण बाहेरून मागवावे लागतात. शेवटी बी 250 के टाकले, सरळ चढणारे, त्यांना डावं-उजवं नसतं. आणि आतल्या सगळ्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवून अर्थ केलंय, प्रत्येक पट्टीची कंटिन्युइटी तपासलीय. रेल्वेच्या शेडमधे तुम्ही अर्थिंगवरून पोरांना जे झापायचे ते माझ्यापर्यंत पोचलंय.

आई, तुझ्यासाठी पण आहे. नट बऱ्याचदा जनावराच्या हाडाचा बसवतात, आवाज चांगला येतो म्हणे. मी पितळेचा बसवलाय. गिटार देवघराच्या खोलीतच ठेवते ना, तुझं मन खाल्लं असतं. आणि बोटं ज्या लाकडावर फिरतात ते शिसवी आहे, आपल्या देव्हाऱ्याचंच लाकूड. कोरडं पडून पांढरट झालं होतं, तू देव्हारा पुसतेस तसं मऊ फडक्यानं तेल लावलं आणि असं काळंभोर निघालं की काय सांगू. रात्री मी हेडफोन लावून वाजवते, कोणाची झोप मोडत नाही. सासूबाईंना मी आरतीची चाल वाजवून दाखवली, त्या म्हणाल्या पुन्हा वाजव. पोरीचा अभ्यास, डबे, सगळं वेळेवर चाललंय, जावई भाजी चिरून देतात. माझी काळजी नको.

काळजी तुमची आहे. आई, मी नाही म्हणून तू खापर काढून मांडे करायला बसू नकोस, त्या गुडघ्यानं चुलीपुढे दोन तास बसायचं नाही. पुरणपोळी तव्यावरची कर, वहिनी लाटेल. घागर दादा उचलेल, डांगरही तोच आणेल, माझं बोलणं झालंय. बिबडे या वर्षी नाही केले तरी चालतील, केलेच तर गच्चीवर तू चढायचं नाही, अंगणात खाट टाक. आप्पा, 44 अंशात अकरानंतर बाहेर पडायचं नाही, भरीताची वांगी सकाळी सातलाही मिळतात. कूलरमधे पाणी घालायच्या आधी पिन काढायची, बटन नुसतं बंद करून चालत नाही हे तुम्हीच मला शिकवलंय आणि आता तुम्हीच करत नाही असं आई सांगत होती. साखरेचा रिपोर्ट दादाला सांगून फोटो पाठवा. आमरस खा, दोन वाट्या खाऊ नका. सणाला तोंड बांधून बसा असं मी म्हणत नाही, एक वाटी पोटभर खा.

तुमचं ते शेडमधलं बोट, आप्पा. टोनी आयोमी म्हणून इंग्लंडचा डावरा गिटारवाला आहे, सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, म्हणजे तारा दाबायची तीच बोटं. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोप्या केल्या, हलक्या तारा चढवल्या आणि वाजवत राहिला. हे वाचलं तेव्हा तुम्ही पट्टी बांधलेल्या हातानं तिसऱ्याच दिवशी शेजारच्या काकूंचा मिक्सर उघडून बसलेले मला दिसलात.

शनिवारी गिटार घेऊन येते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला लागतात, म्हणून ती मधल्या खोलीत ठेवायची, कूलरच्या झोतातही नाही. मानेला पुन्हा पाव फेरा लागेल बहुतेक. आणि एक काम तुमच्यासाठी मुद्दाम ठेवलंय. जॅकजवळचा एक डाग मला काळपट वाटतोय, कार्यक्रमापुरता चालेल, पण तो पुन्हा करायचाय. आयर्न तुम्ही धरा. हात थरथरला तर थरथरू दे, तार मी धरते.

आप्पा, पोरगी म्हणते नानाला सांग माझ्यासाठी झोका काढू नका, आखाजी झाली तरी शनिवारपर्यंत निंबावर तसाच राहू द्या.

तुमची,
बाई

ता.क. आई, घागरीपुढे माझ्या नावानं एक सांजोरी वेगळी ठेव आणि शनिवारपर्यंत डब्यात झाकून ठेव. दादाला देऊ नकोस.