नळी तुंबली की दोष पेशंटचाच का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरमधे डायलिसिसवर जे लेख येतात ते आमच्या घरी सगळे वाचतात, कारण आई दोन वर्षं डायलिसिसवर आहे. त्या लेखांत आहार असतो, पाणी किती प्यायचं ते असतं, पण डायलिसिससाठी रक्त काढायला-घालायला मानेजवळ बसवतात त्या नळीबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर ऑपरेशनने जोडतात तो) तयार व्हायला वेळ लागतो, तोपर्यंत आईच्या मानेजवळ कॅथेटर, म्हणजे ही नळी, होतं आणि ते दोनदा तुंबलं. दोन्ही वेळा आम्हालाच ऐकून घ्यावं लागलं की तुम्ही काळजी घेत नाही, नळी ओली केली असणार. आई अंग नुसतं पुसून घ्यायची हो, तरी ती स्वतःलाच दोष देत रडत बसायची. नळीची बाहेरची जागा ओली राहिली तर इन्फेक्शन होऊ शकतं हे खरंच आहे, पण आतून गुठळी धरायला त्याचा काय संबंध?

मी ३० वर्षं कॉलेजात पॉलिमर केमिस्ट्री (प्लास्टिकसारख्या लांब साखळीच्या रेणूंचं रसायनशास्त्र) शिकवली म्हणून सांगतो. रक्तात प्लास्टिक गेलं की काही सेकंदात त्यावर प्रोटीनचा थर बसायला लागतो, आधी अल्ब्युमिनसारखी जी भरपूर असतात ती, मग त्यांना हटवून दुसरी जास्त चिकट येतात. लिओ व्रोमन नावाच्या डच शास्त्रज्ञाने साठच्या दशकात हे दाखवलं (हा माणूस डच भाषेतला मोठा कवी पण होता). त्यातलं फायब्रिनोजेन बसलं की त्याला प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) चिकटतात आणि गुठळीची तयारी सुरू, जंतूंनाही तिथे पाय रोवायला जागा मिळते. म्हणूनच दर डायलिसिसनंतर नळीत हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध भरून ठेवतात.

यावर उपाय आपल्या आयांना आधीपासून माहितीय. दूध तापवायच्या आधी पातेलं पाण्याने विसळून घेतात, मग दूध खाली लागत नाही. नळीला आतून पातळ थर, म्हणजे कोटिंग, देतात त्याचं तत्त्व बरंचसं तेच, पृष्ठभागावर पाणी घट्ट धरून ठेवायचं म्हणजे प्रोटीनला टेकायलाच जागा नाही. त्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचं पॉलिमर वापरतात, पण ते शरीरात हळूहळू ऑक्सिडाइज होऊन खराब होतं. त्यापेक्षा पाणी जास्त घट्ट धरतात ती एकाच साखळीवर प्लस आणि मायनस दोन्ही चार्ज असलेली पॉलिमर. आपल्या लाल पेशींच्या बाहेरच्या आवरणावर असंच फॉस्फोरिलकोलीन असतं, ते बघूनच जपानमधे काझुहिको इशिहारा यांनी एमपीसी नावाच्या, त्याच धर्तीच्या पॉलिमरवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि ते आज कृत्रिम खुब्याच्या सांध्यात आणि हार्ट पंपात वापरलं जातं.

कोटिंग म्हणजे जादू नाही, हेही लिहितो. लॅबमधे एका प्रोटीनच्या द्रावणात तासभर टिकणं वेगळं आणि वाहत्या रक्तात महिनोन् महिने टिकणं वेगळं. स्वच्छता पाळायलाच हवी, आणि शक्य असेल तिथे फिस्टुलाच चांगला. पण नळी कशाची आहे, आतून कोटिंग आहे का, कसलं आहे, एवढं तरी संमतीची सही घ्यायच्या आधी मराठीत सांगायला काय हरकत आहे? हॉस्पिटलनी पण खरेदी करताना नुसता रेट न बघता हे विचारावं. आपल्याकडे हे जमणार नाही असंही नाही, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटने स्वतः बनवलेला हार्ट व्हॉल्व्ह १९९० मधे पेशंटला बसवला, आणि पॉलिमरवर काम करणारी एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) तर पुण्यातच आहे.

आईचा फिस्टुला आता चालू आहे. पण तिच्या शेजारच्या बेडवर एक मुलगी येते, तिला मानेत नळी आहे आणि परवा ती तुंबली तेव्हा तिची आई नर्सला सांगत होती, नाही हो ताई, आम्ही ओली नाही केली. तुमच्याकडे पुढचा लेख जे किडनीचे डॉक्टर लिहितील त्यांना प्लीज या नळीबद्दल लिहायला सांगा.

आपला,
एक वाचक, सांगली