डेडझोन वाढवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे : वॉरंटीतील कंट्रोलरबाबत तक्रार

पुणे
दिनांक : ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व वॉरंटी विभाग

विषय : वायरलेस गेम कंट्रोलरच्या डाव्या स्टिकमधील (अंगठ्याने फिरवायच्या दांड्यातील) ड्रिफ्ट, म्हणजे स्टिक सोडल्यावरही आपोआप होणारी हालचाल, भाग न बदलता 'दुरुस्त' असा शेरा मारून परत पाठवणे व वॉरंटीत असूनही तपासणी शुल्क घेणे याबाबत.

संदर्भ : १) १२ जानेवारी २०२५ चे खरेदीचे बिल. २) आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरची २६ सप्टेंबर २०२५ ची जॉबशीट.

महोदय/महोदया,

वर उल्लेखलेला कंट्रोलर ५,४९० रुपयांना घेतलेला असून त्याची १२ महिन्यांची वॉरंटी ११ जानेवारी २०२६ पर्यंत आहे. ऑगस्टपासून डावी स्टिक सोडल्यावरही गेममधले पात्र आपोआप डावीकडे सरकू लागले. ८ सप्टेंबरला कंट्रोलर सर्व्हिस सेंटरला दिला आणि २६ सप्टेंबरला परत मिळाला. जॉबशीटवर तीन गोष्टी लिहिल्या आहेत. दोषाचे कारण 'बाह्य धूळ, वापरातील दोष', बदललेले भाग 'निरंक' आणि काम 'सॉफ्टवेअर अपडेट व कॅलिब्रेशन, दुरुस्त'. सोबत ५९० रुपयांची पावती आहे, ५०० रुपये तपासणी शुल्क आणि ९० रुपये जीएसटी.

यातले कारण चुकीचे आहे आणि 'दुरुस्त' हा शेराही चुकीचा आहे; दोष न काढता फक्त डेडझोन, म्हणजे मध्याजवळची हालचाल दुर्लक्षित करणारा पट्टा, वाढवला आहे. दोन्ही का चुकीचे, ते आकड्यांसह मांडतो, म्हणजे आपल्या तांत्रिक विभागाला हीच चाचणी स्वतः करून पाहता येईल.

आधी चाचणीची पद्धत. वायरलेस जोडणीचा संशय राहू नये म्हणून कंट्रोलर यूएसबी केबलने जोडला. केबल दोन वेगवेगळ्या आणि संगणकही दोन वापरले. सपाट टेबलावर ठेवून, हात न लावता, ब्राउझरमधल्या गेमपॅड चाचणीत दोन्ही अक्षांचे आकडे पाहिले. तिथे पूर्ण डावीकडे म्हणजे उणे १, पूर्ण उजवीकडे म्हणजे अधिक १ आणि मध्य म्हणजे शून्य. मग स्टिक एका बाजूला टोकापर्यंत ढकलायची, झटकन सोडायची आणि ती कुठे थांबते ते नोंदवायचे. प्रत्येक दिशेला असे २० वेळा केले.

सर्व्हिसला देण्यापूर्वी डावी स्टिक डावीकडे ढकलून सोडली की आडवा अक्ष उणे ०.१७ ते उणे ०.२१ यांच्या दरम्यान थांबत असे. उजवीकडे ढकलून सोडली की उणे ०.०४ वर. उभा अक्ष दर वेळी उणे ०.०२ वर, म्हणजे ठणठणीत. उजव्या स्टिकचे दोन्ही अक्ष ०.०३ च्या आत. शिवाय स्टिकला हात लागलेला नसतानाही डाव्या स्टिकचा आडवा आकडा मागेपुढे सुमारे ०.०२ ने सतत थरथरत होता.

या थरथरीकडे आपल्या तंत्रज्ञांनी लक्ष दिले असते तर पुढचा सगळा घोळ टळला असता. या कंट्रोलरच्या स्टिकमध्ये प्रत्येक अक्षासाठी एक पोटेन्शिओमीटर आहे. आत कार्बनच्या थराची एक वाट असते आणि तिच्यावरून धातूची बारीक पट्टी घासत फिरते. पट्टी ज्या जागी टेकलेली असेल त्यानुसार व्होल्टेज बदलते आणि त्यावरून कंट्रोलरला स्टिकची जागा कळते. खेळताना स्टिक पुन्हा पुन्हा मध्यावर येते, त्यामुळे थराचा मधला भाग सर्वांत जास्त झिजतो. झिजलेल्या जागी पट्टीचा स्पर्श नीट होत नाही आणि आकडा थरथरतो. आतली स्प्रिंग सैल पडली तर स्टिक मध्यावर पुरती परतत नाही आणि ज्या बाजूने सोडली त्याच बाजूला थोडी अडकून राहते. इथे दोन्ही लक्षणे दिसतात. कारण झीज असो, स्प्रिंग असो की दोन्ही, हे सगळे भाग स्टिकच्या बंद मॉड्यूलच्या आत आहेत. तिथे ग्राहकाचा हात पोचत नाही.

मार बसून असे झाले असते तर चित्र वेगळे दिसले असते. कंट्रोलर आपटला की सहसा मॉड्यूलची चौकट वाकते किंवा सांधा तडकतो. मग स्टिक एका जागी कायमची कलते, आकडा चुकीचा पण स्थिर राहतो आणि बहुधा दोन्ही अक्षांवर परिणाम होतो. कवचावर खूणही उरते. या कंट्रोलरच्या कवचावर ओरखडासुद्धा नाही. आपल्याच जॉबशीटवर 'बाह्य स्थिती : चांगली' असे लिहिले आहे.

आता धुळीबद्दल. स्टिकच्या बुडाशी पांढरी भुकटी दिसते हे मान्य आहे. ती बाहेरची धूळ नाही. स्टिकचा प्लास्टिकचा दांडा कवचाच्या गोल कडेवर घासतो आणि प्लास्टिक झिजून ही भुकटी पडते. म्हणूनच ती कडेच्या आतल्या बाजूला कड्यासारखी जमली आहे आणि बटणांच्या फटींत तिचा मागमूस नाही. धूळ बाहेरून आली असती तर दोन्ही स्टिकमध्ये आणि सगळ्या फटींत सारखीच सापडली असती. मालाने स्वतःच पाडलेल्या भुकटीसाठी ग्राहकाला जबाबदार धरता येत नाही.

मुख्य तक्रार मात्र 'दुरुस्त' या शेऱ्याची आहे.

कंट्रोलर परत आल्यावर तीच चाचणी पुन्हा केली. स्टिक कशीही सोडली तरी आकडा नेमका शून्य, थरथर अजिबात नाही. पोटेन्शिओमीटरच्या स्टिकमध्ये आकडा इतका निखळ शून्यावर राहणे हीच संशयाची गोष्ट, कारण नव्याकोऱ्या स्टिकमध्येसुद्धा किंचित फरक असतोच. म्हणून स्टिक अगदी सावकाश डावीकडे ढकलून पाहिली. उजवी स्टिक तेवढीच ढकलली असता ०.२२ दाखवते, तिथपर्यंत डावी स्टिक शून्यच दाखवत राहते. त्यापुढे आकडा ०.०१ पासून सुरू होऊन टोकाला १ पर्यंत जातो. आणि शून्याची हद्द ओलांडताच ०.०२ ची तीच जुनी थरथर पुन्हा दिसते.

याचा अर्थ सरळ आहे. झिजलेला भाग जागच्या जागी आहे. आपल्या अपडेटने फक्त आडव्या अक्षावर सुमारे २२ टक्क्यांचा डेडझोन घातला, म्हणजे मध्याजवळची तेवढी हालचाल दुर्लक्षित करायला लावली. ड्रिफ्ट त्या पट्ट्याखाली झाकला गेला, आणि स्टिकची बारीक हालचालही त्याबरोबर गेली.

खेळताना याचा त्रास आकड्यांपेक्षा जास्त होतो. विंडोजवरचे अनेक गेम कंट्रोलरचे आकडे वाचण्यासाठी एक्सइनपुट ही विंडोजची सोय वापरतात. त्यात डाव्या स्टिकसाठी सुचवलेला डेडझोन ३२,७६७ पैकी ७,८४९ आहे, म्हणजे सुमारे २४ टक्के, आणि बरेच गेम तो जसाच्या तसा घेतात. कंट्रोलरने आधीच २२ टक्के कापून उरलेल्या ७८ टक्क्यांना पुन्हा शून्य ते एक असे ताणले. त्यातले २४ टक्के गेमने कापले, म्हणजे मूळ हालचालीचे आणखी जवळजवळ १९ टक्के. दोन्ही मिळून सुमारे ४१ टक्के. डावी स्टिक निम्म्याच्या जरा अलीकडे येईपर्यंत गेमला तिची दादच नाही! रेसिंग गेममध्ये वळणावर गाडी सावरण्यासाठी स्टिकला जो हलका धक्का द्यावा लागतो तो याच पट्ट्यात येतो. आता गाडी आधी सरळच जात राहते आणि मग एकदम वळते. डेडझोन फक्त आडव्या अक्षावर असल्यामुळे चालण्याच्या गेममध्येही गडबड होते. स्टिक हळूच तिरकी वर ढकलली तर पात्र तिरके न जाता नाकासमोर चालते.

आणि हा पट्टा पुरणारही नाही. सर्व्हिसपूर्वी सर्वांत जास्त नोंदलेला ड्रिफ्ट ०.२१ होता आणि आपण घातलेला डेडझोन ०.२२ चा आहे. झीज थांबत नसते. ड्रिफ्ट आणखी थोडा वाढला की तो या पट्ट्याबाहेर येईल, आणि तोपर्यंत वॉरंटी संपलेली असेल.

कॅलिब्रेशन निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. आकडा चुकीचा पण स्थिर असेल तर मध्य नव्याने ठरवल्याने तो खरोखर सुधारतो. थरथरणारा किंवा दर वेळी वेगळ्या जागी थांबणारा आकडा मात्र त्याने सुधारत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल मारल्यास भुकटी निघून काही दिवस फरक पडतो, पण गेलेला कार्बनचा थर त्याने परत येत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी फवारा मारून कंट्रोलर परत पाठवू नये ही विनंती.

खरी दुरुस्ती म्हणजे मॉड्यूल बदलणे. अशा प्रचलित मॉड्यूलला बोर्डावर १४ सोल्डरचे सांधे असतात : दोन पोटेन्शिओमीटरचे प्रत्येकी ३, दाबायच्या बटणाचे ४ आणि धातूच्या चौकटीचे ४. चौकटीचे सांधे ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेले असल्याने उष्णता पटकन खेचून घेतात. तिथे घाई केली किंवा मॉड्यूल ओढून काढले तर भोकातला तांब्याचा मुलामा उखडतो आणि बोर्ड वाया जातो. म्हणून हे काम सराव असलेल्या तंत्रज्ञाकडेच द्यावे आणि त्यानंतर कॅलिब्रेशन करून सर्व्हिसमध्ये घातलेला जास्तीचा डेडझोन काढावा. डेडझोन न काढता नुसते मॉड्यूल बदलले तर नवी स्टिकही जुन्यासारखीच सुस्त वागेल.

स्टिक ड्रिफ्ट ही काही माझ्यापुरती नवलाची गोष्ट नाही. निन्टेन्डोच्या जॉय-कॉन या कंट्रोलरबद्दल या कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी जून २०२० मध्ये भागधारकांच्या सभेत ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली होती. घासणारे भाग नसलेली स्टिकही नवी नाही. सेगा कंपनीच्या १९९८ च्या ड्रीमकास्ट या गेमयंत्राच्या कंट्रोलरमध्ये चुंबकीय सेन्सर होते. त्यातही स्प्रिंग झिजू शकते, पण कार्बनचा थर झिजण्याचा प्रश्न उरत नाही. कोणता सेन्सर वापरायचा हा कंपनीचा निर्णय. झिजणारा भाग निवडला तर वॉरंटीच्या काळातल्या त्याच्या झिजेची जबाबदारीही कंपनीचीच. दिवसाला सरासरी दीड तास धरला तर जानेवारी ते ऑगस्ट हा वापर साधारण ३२० तासांचा होतो. खोक्यावर 'अचूक नियंत्रण' छापलेल्या कंट्रोलरसाठी हा वापर अति म्हणता येणार नाही.

म्हणून मागण्या अशा. डाव्या स्टिकचे मॉड्यूल विनामूल्य नवे बसवावे, नाहीतर कंट्रोलर बदलून द्यावा. बदललेल्या स्टिकवर दुरुस्तीच्या तारखेपासून १२ महिन्यांची वॉरंटी लेखी द्यावी, कारण तेच मॉड्यूल पुन्हा बसवले तर तीच झीज पुन्हा होणार. ५९० रुपये परत करावेत. जॉबशीटवरचा 'वापरातील दोष' हा शेरा लेखी रद्द करावा. तो राहिला तर पुढच्या प्रत्येक वेळी त्याच्याच आधारे वॉरंटी नाकारली जाईल, म्हणून पैशांपेक्षाही या मागणीवर माझा भर आहे. शिवाय यापुढे सर्व्हिस सेंटरने डेडझोन बदलला तर किती बदलला हे जॉबशीटवर लिहायची पद्धत ठेवावी. एका ओळीचे काम आहे, आणि ग्राहकाला त्याच्या वस्तूचे काय केले हे कळायलाच हवे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. दोषाबद्दल वाद राहिला तर कलम ३८ नुसार आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. मॉड्यूल उघडले की कार्बनचा थर झिजला आहे की नाही हे भिंगाखाली दिसेल. त्या तपासणीला माझी पूर्ण तयारी आहे. तोपर्यंत कंट्रोलर उघडणार नाही आणि त्यावर कोणतेही अपडेट चढवणार नाही.

आपला विश्वासू,
तक्रारदार ग्राहक

सोबत : खरेदीच्या बिलाची प्रत, जॉबशीटची प्रत, ५९० रुपयांच्या पावतीची प्रत, सर्व्हिसपूर्वीच्या व नंतरच्या चाचणीच्या चित्रफिती (पेन ड्राइव्हवर), प्रत्येक दिशेच्या २० नोंदींचा तक्ता, स्टिकच्या बुडाशी जमलेल्या भुकटीची दोन छायाचित्रे.